आधी उघडली होती का?

दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक मोटरला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधली जाते आणि तिच्यावरचा मजकूर त्याच दिवशी रजिस्टरमध्ये उतरवला जातो. चिठ्ठीवर पाच गोष्टी असतात: मोटर कुणाची, कशावर चालत होती, बंद कशी पडली, तारेची जाडी किती, आणि शेवटी एक प्रश्न, ‘आधी उघडली होती का?’ कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिलेली मोटर असेल तर काम सरळ असते. आतली जळकी तार उपसायची, तिचे वेढे मोजायचे आणि तेवढेच वेढे तेवढ्याच जाडीच्या नव्या तारेने भरायचे. पण मध्येच कुणी तरी ती उघडून आपल्या मनाने भरलेली असेल, तर जुन्या तारेची साक्ष धरता येत नाही. मग सगळे पहिल्यापासून मांडावे लागते.

गिऱ्हाईक या प्रश्नाला जवळजवळ नेहमी ‘नाही’ म्हणते. दुकानात जपून ठेवलेल्या तीन रजिस्टरांत एक हजार एकशे सहा नोंदी आहेत. त्यांपैकी एक हजार एकोणचाळीस नोंदींपुढे ‘नाही’ लिहिलेले आहे, आणि त्यांतल्या दोनशे सतरांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला आहे. लाल गोल म्हणजे मोटर उघडल्यावर आत दुसऱ्याच कुणाचा तरी हात दिसला: वेगळी गाठ, वेगळे व्हार्निश, एखादा चुकार वेढा. ‘नाही’ वहिनीच्या अक्षरात आहेत. गोल नणंदेने काढलेले आहेत.

वहिनी म्हणजे या दुकानाची मुख्य कारागीर, वय एक्कावन्न. दुकान तिच्या सासऱ्यांनी काढले. त्यांच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, या कामाची कधी गोडी लागली नाही. तो दुसऱ्या गावच्या पाणीपुरवठा केंद्रावर पंप चालवायला लागला, तिथेच एका खोलीत राहू लागला आणि शनिवार-रविवारी घरी येऊ लागला. सासऱ्यांच्या हाताखाली तयार झाल्या त्या दोघी, सून आणि लेक. लेक म्हणजे नणंद. वहिनीहून तीन वर्षांनी लहान, लग्न मोडून परत आलेली, अंगाने दांडगी आणि आवाजाने त्याहून दांडगी. ती ‘वहिनी’ म्हणते म्हणून सगळी गल्ली ‘वहिनी’ म्हणते; कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याचे सत्तरी उलटलेले वडीलसुद्धा.

कामाची वाटणी सासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेली होती. नणंदेने मोटर उघडायची, जुनी तार कापून उपसायची, जड असेल ते उचलायचे. वहिनीने नवी तार भरायची. “माझं काम खाटकाचं, हिचं शिंपिणीचं,” असे नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. वहिनीची ख्याती होती ती तिच्या बोटांची. दोन तारांच्या जाडीत केसाएवढाही फरक नसे, पण अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये एकदा फिरवून कोणती बारीक ते ती न पाहता सांगे. जाडी मोजायचे स्क्रूगेज दुकानात होते, ते मुख्यतः गिऱ्हाइकाशी लागलेली पैज मिटवायला.

बेंच आणि भिंत यांच्यामध्ये बसून ती काम करी. त्या बेंचाखालच्या फरशीत बोल्टच्या भोकांच्या तीन जोड्या आहेत. पहिली जोडी भिंतीपासून बावीस इंचांवर, सासऱ्यांच्या मापाची, दुसरी सव्वीस इंचांवर, तिसरी एकतीस. बेंच दोनदा पुढे सरकले आणि मग एकदा मागे, पुन्हा बावीस इंचांवर आले. वहिनीच्या वजनाचा आलेख कुठल्याही दवाखान्यातल्या कागदापेक्षा त्या फरशीत स्वच्छ वाचता येतो. बेंच तिसऱ्या जोडीवर होते तेव्हा तिचे वजन एकशे अठरा किलो होते, गुडघे बोलू लागले होते आणि आडवे झाल्यावर श्वास अडत असल्यामुळे ती खुर्चीत बसून झोपत असे. डॉक्टरांनी वजनाचे ऑपरेशन सुचवले.

ती नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच सुमारास गल्लीतल्या बेकरीवालीने तसले ऑपरेशन करून घेतले होते, आणि ती दुकानावरून गेली की नणंद हातातली पक्कड थांबवून म्हणायची, “पोट कापून बारीक होणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. मार्क मिळतात, अक्कल तेवढीच.” यावर वहिनी हसली होती असे नणंदेला आठवते. वहिनीला स्वतःचे हसणे आठवत नाही; वाक्य मात्र शब्दान् शब्द आठवते.

वहिनी पाच आठवड्यांसाठी नवऱ्याच्या गावी गेली. त्याची तब्येत बरी नसते, खायचे-प्यायचे हाल होतात, असे कारण सांगितले. ऑपरेशन तिथल्याच इस्पितळात झाले. पोटाचा वरचा लहानसा भाग, अंड्याएवढा, वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडला. उरलेले पोट आणि आतड्याचा पहिला भाग वाटेतून बाजूला काढला. पाच छोटी भोके, पाच छोटे व्रण. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: जीवनसत्त्वांच्या आणि क्षारांच्या गोळ्या जन्मभर, आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी, तीही जन्मभर.

ती परतली तेव्हा बरीच उतरली होती आणि उतरतच होती. नणंदेने तिला दारातच उभी धरून खालपासून वरपर्यंत पाहिले आणि काय केलंस म्हणून विचारले. “चालले,” वहिनी म्हणाली.

एवढाच एक शब्द. पुढची नऊ वर्षे त्या शब्दाच्या मागे गेली. दुसऱ्याच दिवशी नणंदेने चालायचे बूट आणले आणि सकाळी सहाला वहिनीच्या दारावर थाप मारली. पाण्याच्या टाकीपासून जुन्या गोदामापर्यंत आणि परत, दोघी रोज. वहिनी सत्तर किलोंवर येऊन ठेपली, बेंच भिंतीकडे सरकले. नणंद पहिल्या वर्षी चार किलो उतरली आणि दुसऱ्या वर्षी सहा किलो चढली. वहिनी बशीत जेवते, चार घासांत उठते, गोड पुढे आले की हात आखडते, हे सगळे तिने वहिनीचा संयम म्हणून पाहिले, वाखाणले आणि स्वतःला लावून पाहिले. जमले नाही की ती स्वतःवरच विनोद करी. “आमची गाडी जुनी, वहिनी. पेट्रोल पितेय पण जागची हलत नाही.”

गोळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न होता. सुरुवातीला वहिनी बाटल्या व्हार्निशच्या एका रिकाम्या डब्यात ठेवी. दोन वर्षांनी नणंदेने शेल्फ आवरायला काढले तेव्हा तिने घाईघाईने डबा उचलून बाहेर टाकून दिला, आणि पुन्हा बाटल्या आणल्या नाहीत. तोवर वजन स्थिर झाले होते, काही दुखत-खुपत नव्हते. इस्पितळाची तपासणीची पत्रे नवऱ्याच्या खोलीवर येत. चौथ्या पत्रानंतर ती यायची थांबली.

तिसऱ्या वर्षी तिचे केस गळू लागले. या गोष्टीत लपवण्यासारखे काही नव्हते. केस सगळ्यांचेच गळतात. नणंदेने औषधांच्या दुकानातून झिंकच्या गोळ्या आणल्या. बाटलीवर दिवसाला एक असे लिहिलेले होते. नणंदेने दोन ठरवल्या, सकाळी फिरून आल्यावर एक आणि संध्याकाळी शटर ओढताना एक. ती स्वतःही घेई, पण आठवण झाली तर. वहिनीची गोळी मात्र तिने सहा वर्षांत एकदाही चुकवली नाही. तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाणी. “घे गं, टक्कल पडलं तर मोटरवालीला कोण विचारणार.”

पायाची पहिली तक्रार डॉक्टरांच्या कागदावर ज्या तारखेला नोंदली आहे, ती तारीख खरी मानता येत नाही. तिच्या अकरा महिने आधीपासून रजिस्टरातले वहिनीचे अक्षर बदललेले दिसते. ते मोठे होते, ओळ सोडून खाली उतरते, आणि पेनाचा दाब इतका वाढतो की मागच्या पानावर उठतो. म्हणजे बोटांनी आधी कळवले होते. तिने ऐकले ते पायांचे, कारण पाय लपवता येत नव्हते.

आधी चप्पल गेली. दुकानापासून घरापर्यंतच्या दीडशे पावलांत डाव्या पायातली चप्पल कुठे तरी सुटून पडली आणि हे तिला उंबऱ्यात आल्यावर, खाली पाहिले तेव्हा कळले. मग जमीन कापसाची झाली. मग सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती एका बाजूला कलंडू लागली. एक हात भिंतीला लावून दुसऱ्या हाताने तोंड धुवायची सवय लागली. बसल्या जागी पायांत मुंग्या येत, पोटऱ्यांत कुणी तरी तार पिळतेय असे वाटे, आणि बेंचाखाली तिचे पाय एकसारखे हलत राहत. दहा मिनिटे बसे, उठे, दारापर्यंत जाई, परत येई. “वन्सं, मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही,” ती म्हणायची. नणंदेने बेंचाच्या कडेला एक लोखंडी नळी आडवी ठोकून दिली, धरून उठायला.

फिरणे बंद झाले आणि दवाखाने सुरू झाले. नवरा आठवडाभर बाहेर असल्यामुळे बरोबर जाई ती नणंदच. दंड धरून नेई, रांगेत उभी राही, आत शेजारच्या खुर्चीवर बसे, आणि वहिनीच्या आधी उत्तरे देई. पहिल्या डॉक्टरांना रक्त कमी आढळले. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने झाले तरी रक्त वाढले नाही. दुसऱ्यांनी मानेचे फोटो काढले, बी-बारा कमी आहे म्हणून इंजेक्शने सुरू केली. कागदावर बी-बारा वर आले. पाय होते तिथेच राहिले. दोन्ही ठिकाणी आधी एक फॉर्म भरायचा होता आणि दोन्ही फॉर्मांवर एक प्रश्न होता: पूर्वी कोणते ऑपरेशन झाले आहे का? वहिनी लिही तेव्हा नणंद खांद्यावरून पाहत असे, संशयाने नव्हे, ओळ चुकू नये म्हणून. वहिनीने दोन्ही वेळा ‘नाही’ लिहिले.

नवऱ्याला सगळे माहीत होते. एका रविवारी त्याने विषय काढला, तेव्हा ती म्हणाली की त्या ऑपरेशनला इतकी वर्षे झाली, त्याचा आता पायांशी काय संबंध. हे तिचे प्रामाणिक मत होते की सोयीचे, याचा उलगडा तिच्या सांगण्यातून होत नाही. नवरा वाद घालणारा माणूस नाही. “पाय गेल्यावर तिला काय सांगणार आहेस?” एवढेच त्याने विचारले, आणि सोमवारी पहाटे तो निघून गेला.

मग लाँड्रीवाल्याची मोटर आली. कपडे वाळवायच्या मशिनची, नेहमीची, दुकानाने यापूर्वी दोनदा भरलेली. वहिनीला ती भरायला चार दिवस लागले. एरवी दीड दिवसाचे काम. तारेची दोन टोके एकमेकांवर चढली की नाहीत, हे तिच्या बोटांना कळत नव्हते. ती डोळ्यांनी पाहून, ओठ आवळून, पुन्हा पुन्हा सोडवून भरत राहिली. वेढे मोजताना मध्ये उठावे लागे आणि परत आल्यावर आकडा हरवे. मोटर गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जळून परत आली, बरोबर लाँड्रीवाला आणि ओल्या चादरींची तक्रार. वहिनी तोंड उघडणार तोच नणंद पुढे झाली. ही आपली चूक, वहिनी दवाखान्यात गेली होती, आपणच हात घातला, असे तिने बेधडक सांगितले. “खाटकाला शिवायला बसवल्यावर दुसरं काय होणार,” ती म्हणाली. लाँड्रीवाला हसला आणि गेला.

तो गेल्यावर नणंदेने मोटर उघडली. जळकी तार उपसताना तिला एका खाचेत वेढे नऊ कमी सापडले. तिने ते मोजून रजिस्टरात लिहिले, कारण सासऱ्यांची शिस्त तशी होती, पण ‘कुणाचा हात’ हा रकाना मोकळा सोडला. “डॉक्टर बदलू,” ती म्हणाली. वहिनी नळीला धरून उभी होती. त्या रिकाम्या रकान्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली असे नणंद सांगते. वहिनी त्याबद्दल काही सांगत नाही.

तिसऱ्या डॉक्टर मज्जासंस्थेच्या. तरुण बाई, कमी बोलणाऱ्या. पहिल्या भेटीतला फॉर्म वहिनीने पूर्वीसारखाच भरला होता. दुसऱ्या भेटीला त्यांच्यासमोर पाठीच्या मज्जारज्जूचा फोटो होता आणि मागच्या बाजूने उभी गेलेली एक पांढुरकी रेघ डॉक्टर पेनाच्या टोकाने दाखवत होत्या. रेघ बी-बारा कमी पडल्यावर दिसते तशीच आहे, त्या म्हणाल्या, पण बी-बारा आता भरपूर आहे. लोह देऊनही रक्त वाढत नाही, पांढऱ्या पेशीही कमी आहेत. हे सगळे एकत्र येते अशी कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यांतले एक पोटाच्या ऑपरेशनशी जोडलेले. तसे काही झाले होते का?

“छे हो,” नणंद म्हणाली. “टाका कसा असतो तेसुद्धा माहीत नाही हिला.”

डॉक्टरांनी नणंदेकडे पाहिले नाही. त्या वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. मग अगदी सहज, जणू नेहमीचाच रिवाज, त्यांनी नणंदेला पाच मिनिटे बाहेर बसायला सांगितले. नणंद पर्स सावरत उठली. दारापर्यंत चार पावले होती. वहिनीला हवी होती ती सगळी सवड त्या चार पावलांत मिळणार होती: दार लागेल, ती सांगेल, औषध बदलेल, आणि कुणाला काही कळणार नाही.

“बसू दे तिला,” वहिनी म्हणाली.

नणंद वळली. वहिनी डॉक्टरांशी नाही, तिच्याशी बोलली. “झालंय ऑपरेशन. नऊ वर्षांपूर्वी. वजनाचं. यांच्याकडे राहायला गेले होते तेव्हा. चालून काही झालं नव्हतं, वन्सं.”

नणंद उभीच राहिली. तिने विचारले ते एवढेच, “दादाला माहीत होतं?”

“हो.”

नणंद खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी सध्याची औषधे विचारली तेव्हा सवयीने तिनेच पर्स उघडून बाटल्या टेबलावर मांडल्या. लोह. बी-बारा. आणि झिंक. डॉक्टरांनी तिसरी बाटली उचलली, उलटसुलट केली आणि ही कोण देतं म्हणून विचारले.

“मी. रोज दोन. सहा वर्षं.”

डॉक्टरांनी समजावले ते असे. शरीराला चिमूटभर तांबे लागते. नसांना आणि रक्ताला. ते जिथून शोषले जाते तो पोटाचा आणि आतड्याचा भाग या ऑपरेशनने वाटेतून निघालेला असतो. म्हणून गोळ्या जन्मभर आणि म्हणून दरवर्षी तपासणी. तरीही तांबे इतके खाली जाणे दुर्मीळ, आणि जाते तेव्हा वर्षे लोटलेली असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात झिंक जास्त झाले की आतडे उरलेसुरले तांबेही अडवून धरते. ज्यांची वाट शाबूत आहे त्यांनाही इतके झिंक बरे नव्हे; वहिनीला तर ते अजिबातच नको होते.

“तांबं?” नणंद म्हणाली आणि विचित्र हसली. “दिवसभर तांब्यातच हात असतात हो हिचे.”

“हातातून आत जात नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

रक्ताचा निकाल पाच दिवसांनी आला. तांबे जेवढे किमान हवे त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेही नव्हते. झिंक कमाल मर्यादेच्या वर. झिंक बंद झाले, तांबे सुरू झाले, आधी शिरेतून आणि मग गोळ्यांनी. जुन्या सगळ्या गोळ्याही परत आल्या. रक्त काही आठवड्यांत सुधारेल, डॉक्टर म्हणाल्या. नसांचे बिघडणे थांबेल. बिघडलेले किती परत येईल याचा शब्द आपण देणार नाही. काहींचे थोडे येते, काहींचे येत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना नणंदेने वहिनीचा दंड नेहमीसारखाच धरला होता. तोंड मात्र दुसरीकडे होते. पुढचे अकरा दिवस त्यांच्यात कामापुरते बोलणे झाले: तार दे, दिवा लाव, शटर ओढ. नणंदेने दवाखान्यांची फाइल काढली आणि तीन फॉर्मांच्या तीन प्रतींवर, तीन ‘नाहीं’भोवती, लाल पेन्सिलीने गोल काढले. ते आजही फाइलमध्ये आहेत. तिचे बूट दाराबाहेर होते तिथेच पडून राहिले. वहिनी आत अस्वस्थ, बाहेर अस्वस्थ. तिला उठून जायलाही जागा नव्हती, कारण आधारासाठी ज्या दंडाला धरायचे तोच दंड रागावलेला होता.

बाराव्या दिवशी नणंद मोटर उघडता उघडता, मान वर न करता बोलली. “तुझी इस्पितळं, तुझी भोकं, ते तुझं तुला लखलाभ. नऊ वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते, वहिनी. रोज. बुटाच्या नाड्या बांधताना.”

“तू कॉपी म्हणाली होतीस.”

“मी दिवसाला शंभर गोष्टी बोलते. तेवढीच धरून ठेवलीस?” तिने तारेचा जळका गुंता ओढून काढला. “आणि गोळ्या माझ्याच हातून भरवून घेतल्यास.”

“तुला माहीत नव्हतं.”

“माहीत का नव्हतं, ते बोल ना.”

त्या दिवशी आणखी काही झाले नाही. गिऱ्हाईक आले.

महिनाभराने रक्त वाढल्याचा कागद आला, आणि वहिनी म्हणाली की बोटांनाही बरे वाटतेय, तिला आता भरायला बसू द्यावे. नणंद म्हणाली, तुझ्या शब्दावर आता मी जाणार नाही. तिने वेगवेगळ्या जाडीच्या दोन तारांचे वीतभर तुकडे कापले आणि वहिनीला डोळे मिटायला लावले. एकेक जोडी बोटांत द्यायची, बारीक कोणती ते विचारायचे. दिवसाला वीस वेळा. निकाल रजिस्टरच्या शेवटच्या पानापासून उलटे लिहायचे. पहिल्या आठवड्यातले आकडे असे आहेत: वीसपैकी अकरा, नऊ, दहा, बारा, दहा, नऊ. वहिनीला हे निम्मे परत आल्यासारखे वाटले. नणंदेने शनिवारी पान पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. “दोनच तारा आहेत. दगडाला विचारलं तरी निम्मं बरोबर येईल,” ती म्हणाली. “तू अंदाज मारतेयस. पुन्हा.”

सोमवारपासून तिसरे उत्तर चालणार होते: कळत नाही. मात्र ते खरे असले पाहिजे. त्या सोमवारच्या नोंदीत वीसपैकी सोळा वेळा ‘कळत नाही’ आहे, दोन बरोबर, दोन चूक. पान पाहून वहिनीला रडू आले. नणंदेने तिच्याकडे पाहिले नाही आणि पुढची जोडी कापायला घेतली. दहाव्या आठवड्यात ‘कळत नाही’ अकरावर आले. अठराव्यात आठवर. त्यापुढे सहा आठवडे ते आठच्या आसपास घुटमळते आहे. जाड तारेच्या मोटरी वहिनी आता भरते. बारीक तारेच्या नणंद भरते आणि वहिनी शेजारी बसून, पाय हलवत, वेढे मोठ्याने मोजते. पायांना जमीन अजून नीट लागत नाही. हातात काठी आहे. डोळे मिटून तोंड धुताना एक हात अजून भिंतीला असतो.

चोविसाव्या आठवड्यातल्या एका दुपारी चाचणी अर्ध्यावर आली असताना, वहिनीचे डोळे मिटलेले असताना, नणंदेने विचारले. आवाज तिचा नेहमीचा नव्हता. तिचेही गुडघे आता बोलत होते. मज्जासंस्थेच्या त्याच डॉक्टरांना तिने मागच्या खेपेला वजनाच्या ऑपरेशनबद्दल परस्पर विचारले होते, आणि गोळ्या आणि तपासण्या सांभाळणाऱ्या बहुतेकांचे ठीक चालते, तुमच्या वहिनीसारखे क्वचित होते, असे त्या म्हणाल्या होत्या.

“मी करून घेऊ का?”

वहिनीने डोळे उघडले नाहीत. हातात दोन तारा होत्या, त्या तिने बोटांत एकदा फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. झोप आडवी लागू लागली ती पहिली सकाळ तिला आठवली असावी, बावीस इंचांत मावलेली ती पहिली दुपारही. आणि उंबऱ्यात खाली पाहिलेला अनवाणी पाय. नणंद पेन्सिल धरून थांबली होती. एक शब्द पुरेसा होता; या घरात एका शब्दावर नऊ वर्षे निघाली होती.

“कळत नाही,” वहिनी म्हणाली.

नणंदेने ते पानावर लिहिले नाही.

“खरंच कळत नाही, वन्सं. पण डॉक्टरकडे जाशील तेव्हा मी येते. शेजारच्या खुर्चीवर बसते. माझं काय काय झालं ते सगळं सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.”

“आणि मी बाहेर बस म्हटलं तर?”

“तर बाहेर बसेन.”

नणंदेने पानाकडे पाहिले. चाचणीची अकरावी जोडी अजून वहिनीच्या बोटांत होती आणि तिच्यापुढचा रकाना मोकळा होता. बेंचाखाली वहिनीचे पाय हलत होते. “बारीक कुठली?” नणंदेने विचारले.